काळ्या जमिनीवर चुना

३ मार्च, सोमवार
मेथी पुन्हा पिवळी. दुसरी पेरणी, तीच तऱ्हा. लॅबमधून सुटून सरळ तुकड्यावर गेले तर मिलिंद आणि तात्या वाफ्यापाशी उकिडवे बसलेले. दिवसभर दुसऱ्यांची माती तपासायची आणि संध्याकाळी आपल्या मातीपुढे हात टेकायचे.

'तुकडा' हे मिलिंदने ठेवलेलं नाव. दोन एकर, आमच्या टाकानिनीच्या घरापासून गाडीने जवळच. गेल्या सप्टेंबरात घेतला आणि तो दाखवायलाच सासऱ्यांना जानेवारीत इकडे न्यूझीलंडात आणलं. पहिल्या दिवशी तात्या बूट काढून आत उतरले होते. अशी काळीभोर जमीन आमच्या गावात फक्त पाटलाकडं, म्हणाले होते. मग दोन्ही हात मातीत घातले.

आज पान उन्हात धरून म्हणाले, खाली चुनखड असणार, म्हणून पिवळं पडतंय. मि.ने मान डोलावली. त्यांच्या मते शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मला तर शिरांसकट सगळं पान पिवळं दिसत होतं. एक रोप उपटून पाहिलं, मुळांवर नत्राची एक गाठ नाही. बोलायचं त्राण नव्हतं. ज्वारीचं पीठ संपलंय, उद्या आणायचं.

६ मार्च, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत आपलीच माती तपासायला लावली. पीएच ५.१. आंबट. म्हणजे बाई, जे मी रोज दुसऱ्यांच्या रिपोर्टवर लिहिते तेच.

इथली काळी ती दलदलीची. हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्यात कुजून काळा झालेला. आपल्याकडच्या काळीशी तिचं नातं रंगापुरतंच. तिकडे जमिनीत चुना जास्त, इकडे नावाला नाही. इथे कुणाही शेतकऱ्याला विचारा, शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलमध्ये, चुना टाकायचा हे डाळीत मीठ टाकण्याइतकं साधं. त्यात बोलण्यासारखंही काही नाही.

मि.ला माउंट वेलिंग्टनला ऑफिसात फोन केला. त्याने आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला, तात्यांना मी सांगतो, आत्ता नको. त्याचं 'मी सांगतो' मला चांगलं माहीत आहे.

९ मार्च, रविवार
शेवटी मीच सांगितलं. जेवणं झाल्यावर. तात्या, जमिनीला चुना घालावा लागेल.

मि.ने लगेच चुना लावण्यावर काहीतरी कोटी केली. कुणी हसलं नाही. तात्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग गायरानाची गोष्ट सांगितली, जी मी लग्नापासून तुकड्या-तुकड्यांनी ऐकत आले आहे, पण आज पहिल्यांदा बसून ऐकली. परभणीकडचं त्यांचं गाव, गावाबाहेरची उजाड पांढरी जमीन. तिच्यावर आजेसासऱ्यांनी दगड वेचून ज्वारी केली. ज्वारी गुडघ्यापर्यंत आली की पिवळी पडायची.

"प्रज्ञा, पांढरी आमच्या वाट्याला आली. कुणी दिली न्हाई, उरली होती म्हणून मिळाली. आता कुठं काळी मिळाली, अन् तिला तू पांढरी करणार?"

मी कागद-पेन्सिल घेऊन आंबट-खारट समजावत बसले. ते शांतपणे ऐकत होते. जन्मभर शाळेत शिपाई होते, हेडमास्तरांचं ऐकायची सवय आहे. ऐकलं म्हणजे पटलं असं नाही.

नंतर स्वयंपाकघरात मि. म्हणाला, ते जूनमध्ये जातील, तोवर राहू दे ना. म्हटलं, जूनमध्ये इथे हिवाळ्याचा पाऊस, जमीन चिखल होते, चुन्याचं यंत्र आत जात नाही. मग वसंत ऋतू, म्हणजे अख्खं वर्ष गेलं. तो म्हणाला, तुझी लॅब लॅबमध्येच ठेव. भांडी तशीच टाकून वर गेले. सकाळी मलाच घासावी लागणार, हे माहीत असून.

१७ मार्च, सोमवार
ग्रेगला फोन केला. आसपासच्या सगळ्या फार्म्सवर चुना तोच पसरवतो. दोन एकरासाठी खास येणार नाही म्हणाला, पण एप्रिलमध्ये शेजारी यायचंय तेव्हा वाटेत करून देईल. पाऊस बसायच्या आत. 'स्वीट ॲज' म्हणाला, म्हणजे एकदम चालेल. घरी सांगायचंय. उद्या.

तात्यांची कळी मात्र खुललीय. शनिवार-रविवार दोघं बापलेक सकाळीच तुकड्यावर. येताना तात्या गुणगुणत येतात. चुन्याचं नाव नाही, रुसवा नाही. मला वाटलं, चला, पटलं असेल. ईशा म्हणते, 'आजोबा इज अप टु समथिंग.' पोरीचं वय बारा, पण नजर सासूची.

२८ मार्च, शुक्रवार
मि.च्या तोंडावर आकडा फेकावा म्हणून परत नमुना आणला होता, त्याच वाफ्यांतला. ४.६.

परत केला. ४.६. मीटर तपासला, बरोबर. बाकीचे नमुने बरोबर. तीन आठवड्यांत माती आपण होऊन एवढी घसरत नाही. की मीच चुकीच्या जागेवर खणलं? मेथी आता पिवळीही नाही, कडांनी जळलीय.

डोकं दुखतंय. घरी खिचडी.

२९ मार्च, शनिवार
फावडं घ्यायला तुकड्यावरच्या शेडमध्ये गेले. मागे, पत्र्याला टेकून, रिकाम्या पिशव्या. नीट घड्या घातलेल्या. आमच्या घरात पिशवीची अशी घडी एकच माणूस घालतो. एक गंधकाची. बाकीच्या त्या, ज्या इथले लोक लॉनवरचं शेवाळ मारायला आणतात. हिराकस.

तिथेच उलट्या बादलीवर बसले. गायरानाच्या गोष्टीचा पुढचा भागही मी ऐकलेला आहे, कांदा चिरता चिरता. एका वर्षी कुणी कृषी खात्यातला साहेब गावात आला, त्याने हिराकस आणि गंधक टाकायला सांगितलं. त्या वर्षी तात्यांची ज्वारी हिरवी झाली. पाटलाचा गडी बघायला आला होता म्हणे. आयुष्यात एकदाच. तेच औषध त्यांनी इथे दिलं. त्याने माती आंबट होते, म्हणून तिकडे ते अगदी बरोबर होतं. इकडे ते आम्लपित्ताच्या माणसाला लिंबाचं सरबत पाजण्यासारखं.

मि.ला सगळं माहीत होतं. दुकानात तोच घेऊन गेला होता. "तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." म्हटलं, हो, म्हणाले असते. "ते किती खूश होते गं."

  तात्यांचा राग नाही मला. मि.चा आहे. इंजिनिअर माणूस, फोन खिशात, एकदा शोधून बघायला काय झालं होतं. रागावले की मला भूक लागते. उभ्या उभ्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, चटणीबरोबर.

१ एप्रिल, मंगळवार
मि. म्हणतो, तात्यांना काही सांगू नकोस, गुपचूप चुना टाकू. दोन एकर पांढरे करायचे आणि ते गुपचूप. बरं.

ग्रेगचा निरोप, १२ तारखेला येतो. मि.ला सांगितलं की मी आधीच ठरवून ठेवलंय. तो नुसता बघत राहिला. फिट्टंफाट झाली असं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. दमायला झालंय नुसतं.

५ एप्रिल, शनिवार
शब्दांनी सांगणं मला जमत नाही, हे मागेच कळलं. म्हणून आज मागच्या अंगणात दोन बश्या घेतल्या. एकीत चुना, ग्रेगकडचाच, दुसरीत आपली काळी माती. व्हिनेगरची बाटली. तात्यांना विचारलं, गायरानाच्या मातीवर लिंबू पिळलं तर काय व्हायचं? म्हणाले, फसफसायचं. त्या साहेबाने बाटलीतलं काहीतरी ओतून दाखवलं होतं.

चुन्यावर ओतलं. फेस वर आला. मातीवर ओतलं. काही नाही, माती पिऊन गेली. तात्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, स्वतः ओतलं. कुंपणाजवळून आणलेलं दुसरं ढेकूळ घेतलं, त्यावरही ओतलं. त्याच्यावर वाकून कान लावला. काही नाही.

"म्हंजी खाली चुनखड न्हाईच."

नाही, तात्या.

"अन् मी जे टाकलं त्यानं?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. मि. माझ्याकडे त्याच नजरेने बघत होता. मी म्हटलं, आणखी आंबट झाली.

"मग मीच मारलं म्हण ना."

चुन्याने सगळं भरून येतं, थोडा वेळ लागतो, असं मी म्हणत होते तोवर ते आत गेले होते. ईशा दारात उभी. 'मम्मा, यू कुड हॅव जस्ट नॉट सेड इट.' हो गं बाई. बश्या धुतल्या. अजून अंगणात व्हिनेगरचा वास आहे.

८ एप्रिल, मंगळवार
तात्या तुकड्यावर येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. परवापर्यंत दुखत नव्हते. रात्री जेवताना मि.ला म्हणाले, तिकीट अलीकडं घेता येईल का बघ.

इथे खरं लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. सकाळी बाथरूम मोकळं मिळेल, रोजच्या भाकऱ्या सुटतील, टीव्हीचा आवाज कमी होईल. मग वाईट वाटलं. क्रम हाच होता.

१२ एप्रिल, शनिवार
ग्रेग आजच यायचा होता आणि जयंतीचा कार्यक्रमही आजच होता, माउंट वेलिंग्टनच्या हॉलवर. तिघं तिकडे गेले. तात्यांनी नवा शर्ट घातला. मी म्हटलं, मला थोडं काम आहे. काय काम ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं.

ग्रेग ट्रॅक्टर घेऊन आला. मागच्या यंत्रातून चुना पंख्यासारखा उडत होता, थोडा वाऱ्याने शेजारच्या घोड्यांकडे. मध्येच थांबून त्याने विचारलं, वाफे कुणी काढलेत, एकदम सरळ आहेत. म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. 'गुड ऑन हिम.' जमीन फारच आंबट आहे म्हणाला, घाई करू नकोस, पुढच्या उन्हाळ्याच्या आधी काही लावलंस तर रडशील.

तो गेल्यावर फाटकाशी उभी राहिले. कारण माहीत, प्रमाण माहीत, आकडा माहीत. तरी आत पाऊल टाकलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पांढरं. मी शहरात वाढलेली, माझ्या माहेरी कुंडीसुद्धा नव्हती, पण तात्यांना काय दिसलं असतं ते मला दिसलं. फोटो काढला आणि पुसून टाकला.

रात्री मि.ने सांगितलं. हॉलवर तात्यांच्या हातात माइक दिला होता. म्हणाले, माझा बाप पडीक जमिनीवर दगड वेचायचा, मी शाळेचे बाक पुसले, आज माझ्या पोराची न्यूझीलंडात जमीन आहे, काळीभोर. टाळ्या थांबेनात. नंतर चहाच्या वेळी लोक भोवती जमले, काय पेरलंय म्हणून विचारायला लागले. तात्या म्हणाले, "सध्या औषधपाणी चालू हाय."

मला हसू आलं. मग नळ सोडून सिंकपाशी रडून घेतलं. मि.ने पाठीवर हात ठेवला. बरं केलं.

२६ एप्रिल, शनिवार
तीन दिवस पाऊस. तुकडा परत काळा, चिखल नुसता. ग्रेग वेळेत येऊन गेला. तात्यांना सांगितलं, पांढरं गेलं, आत मुरलं. म्हणाले, "आत गेलं म्हंजी गेलं न्हाई." बरोबरच आहे. तेच तर हवंय. पण हे कुणाला सांगू.

तिकीट बदलायचं राहिलं. जूनचंच आहे, १४ तारखेचं. मि.ने मुद्दामच टाळलं असणार.

१८ मे, रविवार
आज तात्या आपण होऊन गाडीत येऊन बसले. मी आणि मि.ने एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, कुठे दृष्ट लागायला.

कडेकडेने सगळा तुकडा फिरले. वाफ्यांत पाय घातला नाही. मग माझ्यापाशी येऊन विचारलं, एक ओळ टाकू का, कशाचीबी. सासऱ्यांनी मला विचारावं, हे त्यांच्या रागापेक्षा कठीण गेलं. म्हटलं, आत्ता टाकलं तर परत पिवळं पडेल, तात्या. इथे लोक लसूण लावतात, सगळ्यात लहान दिवस असतो तेव्हा, २१ जूनला. बोलून गेले आणि मग लक्षात आलं. त्यांच्याही आलं.

खरं पीक कधी, विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे इथला उन्हाळा, डिसेंबर. मि. म्हणाला, आम्ही व्हिडिओवर दाखवू. तात्या म्हणाले, व्हिडिओत हात घालता येत न्हाई.

येताना डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, थांबून ईशाला आइस्क्रीम. थंडीत. हट्टच धरला. तात्यांनीही खाल्लं.

६ जून, शुक्रवार
परत नमुना. उगाच आशा. ४.९. चढलंय, पण मेथीला ४.९ चालत नाही, ५.१ लाही ती पिवळीच होती. म्हणजे आम्ही मार्चमध्ये होतो तिथेही अजून पोचलेलो नाही. चुना काही इन्स्टंट कॉफी नाही, हे मी लोकांना फोनवर रोज सांगते. स्वतःला सांगायला कुणी नाही.

जेवताना आकडा सांगितला. आता लपवाछपवी नको, असं ठरवलंय.

तात्या म्हणाले, "वर चाललंय ना?"

हो.

"मग थांबायला पायजे."

मला वाटलं, जमिनीबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, हो, दुसरा उपाय नाही.

८ जून, रविवार
मि. ईशाला पोहायला घेऊन गेला. टॉग्ज, पोहायचे कपडे, विसरले म्हणून परत आले, मग परत गेले. घर शांत. तात्यांची बॅग हॉलमध्ये उघडी, मध, चॉकलेटं, तिकडच्या नातवंडांचे टी-शर्ट. मी पीठ मळत होते, तात्या टेबलाशी लसूण सोलत होते.

मान वर न करता बोलले. व्हिसा वाढवता येतो, ईशानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं.

"मिलिंदला विचारलं न्हाई. तो सगळ्यालाच हो म्हणतो. घर तू चालवतीस, म्हणून तुला विचारतो. डिसेंबरपर्यंत थांबलो तर चालंल का?"

पटकन हो म्हणायचं होतं. म्हणाले नाही. अख्खा हिवाळा, त्यांचा खोकला, बंद खिडक्या, दोन्ही वेळच्या भाकऱ्या, आणि सगळ्यात भीती ती ४.९ ची. डिसेंबरात परत पिवळं निघालं तर? शहात्तराव्या वर्षी माणूस एका हिरव्या वाफ्यासाठी परक्या देशात हिवाळा काढणार, आणि तो वाफा येईल अशी हमी मी, माती तपासणारी, देऊ शकत नाही. हे सगळं डोक्यात आलं आणि गेलं. फार वेळ नाही लागला. पण लागला. आणि तात्या बघत होते. साहेबांच्या दाराशी उभं राहून जन्म गेला, समोरच्याचा चेहरा त्यांना वाचता येतो.

मग मी म्हटलं, थांबा ना, तात्या. अगदी मनापासून म्हटलं.

"विचार कर माय," ते म्हणाले, "घाई न्हाई." आणि पुढची पाकळी घेतली.

मी परत म्हणायला हवं होतं. हात पिठात होते, आणि तेवढ्यात बाहेर मि.ची गाडी वाजली. ईशा ओल्या केसांनी धावत आली, तिला भूक लागली होती. सगळे जेवले. तात्या नेहमीसारखे बोलले, दोनदा भाकरी घेतली. मि.ला यातलं काही माहीत नाही.

आता ते हॉलमध्ये आहेत. टीव्हीचा आवाज बारीक ठेवलाय. बॅग अजून उघडीच आहे. विमान शनिवारी.